मायचं बसकर

शिरूरच्या माझ्या मायला, वनमालाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

दादा फोन स्पीकरवर लावतो, म्हणून कागदावर लिहितेय. एकटी असताना सावकाश वाच.

खोकलं, हसलं, उसाची मोळी उचलली की माझी साडी ओली व्हायची, त्याचं आपरेशन झालं. घाबरू नको, पोट फाडलं न्हाई. खालून बारीक जाळीची पट्टी बसवली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "खोकून दाखवा." भीतभीत खोकले. कोरडी राहिले, माय! रडलेच मी.

तीन महिने वजन उचलायचं न्हाई. यंदा तोडीला यांच्या जोडीला कोण, ते बघू. तू जिवाला लावून घेऊ नको. तुझ्याकडं ठेवलेली माझी पोरं तरास देत न्हाईत ना?

एक इचारू? लग्नात, कीर्तनात तू कुणाच्या सतरंजीवर बसत न्हाईस. आपलं बसकर काखेत घेऊन जातीस. आमी हसायचो, मायचं सोवळं लई म्हणून. हितं खाटेवर पडल्या पडल्या ध्यानात आलं. तुला बी हेच हाय ना? मी झाले तवापासून का गं?

जरा बरी झाले की तुला हितं आणायला येते. बसकर घरीच ठेव.

तुझ्याच पोटची,
वनमाला