मेलेल्या शेळीची बारा चित्रं

३ नोव्हें., सोमवार

शेळी काढायला बसले, कुत्रं झालं. पाय चार, कान पडलेले, शेपूट वर. आईनं मागून डोकावून विचारलं, "कुणाचं गं हे?" म्हटलं, जमादारीण, माझी शेळी. आई चुलीकडं वळली. हसली असती तर बरं झालं असतं.

काल आबांच्या ओट्यावर झालं ते लिहायचं राहिलंय. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही, दारातच उलटी व्हायची. अण्णांनी घरीच शिकवलं. तेव्हापासूनचा त्यांचा नियम, बघितलेलं आणि ऐकलेलं एका ओळीत लिहायचं नाही. तसंच लिहिते.

बघितलेलं: जूनमध्ये कॉम्प्युटरच्या कोर्सला आत्याकडं धाराशिवला राहायला गेले तेव्हा जमादारीण काकूकडं अर्धलीनं दिली. सांभाळायची तिनं, होणाऱ्या पिल्लांत निम्मी तिची. शेळी माझीच. ऑक्टोबरात बेंबळीला परत आले तर दावं मोकळं.

ऐकलेलं: काकू म्हणते, पोट फुगून मेली. अर्धलीची शेळी मेली तर मालकाला कान आणून दाखवायचा असतो, तसा तिनं आईला दाखवला. आईनं बघितला आणि उकिरड्यावर टाकला. "कसा होता?" "कानासारखा." मग परवा मैत्रिणीचा, सुनीचा फोन. तिचं सासर येरमाळ्याचं, काकूच्या माहेरच्या गल्लीतच. म्हणाली, तुझी जमादारीण काकूच्या भावाच्या अंगणात बांधलीय.

आबा भावकीत सगळ्यांत मोठे. त्यांनी विचारलं, "खूण काय?" मी म्हटलं, काळी आहे. ओटा हसला. "अगं, अख्ख्या जिल्ह्यात शेरडं काळीच." माझ्या फोनमधला तिचा जुना फोटो दाखवला. अंधारात एक काळा गोळा आणि दोन हिरवे दिवे. काकू म्हणाली, "शेळी हाय का गॅसची टाकी?" परत हसले. मी म्हटलं, ती मला ओळखेल. आबा म्हणाले, "मूठभर मका दाखवला तर कुठलीबी शेळी वळखती."

निकाल असा: तीस तारखेला आयतवारी बापूकाकांच्या जीपनं येरमाळ्याला जायचं. तोवर मी तिला कागदावर काढून आणायचं, खुणांसकट. "पण ती शेळी न बघता. बघून आलेली खूण मी मानत न्हाय. आन् तिकडची शेळी तिथनं हलली, तर निकाल ह्या पोरीच्या बाजूनं." काकू लगेच म्हणाली, मंजूर. बापूकाका तिचा नवरा, अण्णांचे धाकटे भाऊ. ते बुटाच्या नाडीकडं बघत होते. अण्णा चष्मा पुसत होते.

६ नोव्हें., गुरु.

धाराशिव. बसस्टँडमागं शमीम आपाचं दुकान आहे, पाट्या रंगवायचं. वडिलांचा धंदा तिनं चालवला. दूध डेअऱ्यांवरच्या म्हशी तिच्या, मटणाच्या दुकानांवरच्या शेळ्याही तिच्याच. फ्लेक्स आल्यापासून हात रिकामा असतो म्हणाली, शिकवते.

माझं चित्र लांब धरून बघितलं. "बेटा, ही शेळी न्हाय. हे शाळेतून हाकललेलं कुत्रं हाय."

डोळा काढायचा नाही म्हणे, एकदम शेवटी. "डोळा आधी काढला की तू तिच्यावर लट्टू होतीस, आन् बाकीचं अंदाजानं उरकतीस." आधी दोन गोल, एक छातीचा, एक पोटाचा. मग मान. मग कशासाठी शिकतेस ते विचारलं. सांगितलं.

"म्हंजे बदला."

"हो."

"मग तर रेघ हलकी ठेव. दाबून काढलेली चूक खोडता येत न्हाय."

तीनदा टोक मोडलं.

९ नोव्हें., रवि.

चित्र ३ आणि ४. मागचे पाय जमत नाहीत. स्टुलाचे होतात. गल्लीतल्या बाकीच्या शेळ्या बघून काढल्या तर चालेल का ही शंका आली, म्हणून आबांना विचारून आले. ते वैतागले. "अगं, ती एक सोडून सगळ्या जगाची बघ."

नळावर काकू. घागर भरत सगळ्यांना ऐकू जाईल असं, "झाली का उभी कागदावर? पेंडी टाकू का तिला?" बायका हसल्या. कुणी तोंडाला पदर लावून, कुणी तसंच.

गेल्या वर्षी मला बघायला पाहुणे आले होते, त्यांनाही हिनंच सांगितलं होतं की पोरगी भित्री आहे, शाळेच्या दारात ओकायची. चहा न पिता उठले. तेव्हा मी काही केलं नाही. या वेळी करणार. याच नळावर, याच बायकांसमोर तिला म्हणायला लावणार की मेली नव्हती. दोन शब्द. मला तेवढेच हवेत, पण मोठ्यानं.

१२ नोव्हें., बुध.

काळा रंग. मी सगळी शेळी गिरवून टाकली, फोटोतल्यासारखा गोळा झाला. आपा म्हणाली, काळं काढायचंच नाही, काळ्यावर पडलेला उजेड तेवढा सोडायचा. पाठीवरून एक पट्टा, मांडीवर एक, नाकाडावर थोडा. बाकीचं गडद पेन्सिलीनं, केस ज्या बाजूला पडतात त्या बाजूला.

चित्र ६ मध्ये पहिल्यांदा पाठ गरम वाटली. हात ठेवून बघितला. बोटं काळी झाली, चित्रही पुसलं गेलं. मूर्खपणा.

१५ नोव्हें., शनि.

आज नुसतं आठवायला बसले. नक्की: उजव्या कानाच्या कडेला मीठ सांडल्यासारखे पांढरे केस. खालचा ओठ जरा पुढं. आई मेल्यावर बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, म्हणून चेहऱ्यावर कायम मागायचा भाव, पण गव्हाणीला दुसरी शेळी आली की फौजदारी. नाव त्यामुळंच पडलं. नक्की नाही: गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन लोलकांपैकी एक लांब, पण डावा का उजवा? तीन वर्षं रोज हातानं चारलं आणि हे सांगता येत नाही. मला स्वतःचाच राग आला. मग तोही काकूच्या नावावर टाकला.

वहीच्या शेवटच्या पानावर काकूचं तोंड काढलं, त्याला दाढी आणि दोन शिंगं. हुबेहूब आलं. शेळ्यांपेक्षा चांगलं आलं! दहा मिनिटं बघत बसले, फार बरं वाटलं. मग खोडलं. कागदावर खळगे राहिलेत, तिरपं धरलं की काकू दिसते.

१९ नोव्हें., बुध.

चित्र ११. आपानं चहा बाजूला ठेवून बघितलं. डोळ्याची आडवी फट बरोबर. कान बरोबर. शिंगं दोन्ही मागं वळलेली, सारखी. मागचे पाय अजून स्टूल. "चालतं. शेळी कळती, आन् बाकीच्यांतून येगळी कळती." मागं तारीख घालून सही केली, उर्दूत.

मी म्हटलं, अजून एक काढते. अजून दहा दिवस आहेत.

२१ नोव्हें., शुक्र.

आपाला येरमाळ्याजवळच्या ढाब्याची पाटी मिळाली. शिडी धरायला चल म्हणाली. मी नको म्हटलं, तिकडं नको. "हायवेवरच हाय. गावात कशाला जातो आपण?" गेले. चारला काम संपलं. पाटी वाळेपर्यंत आपा थांबणार होती. मी देवीला जाऊन येते म्हणाले.

पाय आपोआप वळले असं लिहिणार होते. पाय वळले नाहीत. मी गेले. पत्ता विचारत गेले.

काकूच्या भावाच्या अंगणाची भिंत खांद्याएवढी. दोन मिनिटं असेन. ती बसून रवंथ करत होती. उजवा कान, मीठ. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं, अंगठ्याच्या पेराएवढं. मी हाक मारली नाही. तिनं मान वर केली नाही. आतून कुणीतरी बादली घेऊन आलं, मी चालू लागले. देवीला गेलेच नाही. म्हणजे आपाशीही खोटं बोलले.

२२ नोव्हें., शनि.

चित्र १२. एका बैठकीत. एकदाही खोडलं नाही. मागचे पायसुद्धा आले, बसलेली काढल्यामुळं दुमडून. मोडकं शिंग काढलं.

आईला दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला. "हीच गं माझी बाई! शिंगसुद्धा!"

"शिंग आधीपासून मोडकं होतं का?"

"हे काय, दिसतंय की हितं."

आधी चित्र दाखवून आईची साक्ष मीच वाया घालवली.

अकरा चित्रं जमिनीवर मांडली. एकातही शिंग मोडकं नाही. मग शिंग तिकडं गेल्यावर मोडलं? का आधीच मोडलेलं होतं आणि मी कधी बघितलंच नाही? का ती जमादारीणच नाही, कानावर मीठ असलेली दुसरीच कुणी आहे? कान खरंच आधीपासून आठवत होता. पंधरा तारखेच्या पानावर लिहिलंय. चारदा वाचून खात्री केली.

२५ नोव्हें., मंगळ.

अण्णांना चित्र न दाखवता विचारलं, जमादारणीची शिंगं कशी होती? अण्णा म्हणाले, "शिंगाकडं मी कधी बघितलं न्हाय. मांडीला लागली की कळायची."

बारावा कागद नेला तर काम फत्ते. शिंगाला शिंग जुळेल. आबा मान डोलवतील, काकूचं तोंड पडेल. ते तोंड मी इतक्यांदा मनात बघितलंय की आता न बघता काढू शकेन. आणि ती खोटं बोललीच आहे ना? मग माझा कागद खोटा कसा? बघून आल्यानंतर काढलाय, एवढंच तर. शेळी तर तीच.

तीच आहे का.

जेवले नाही. 

२९ नोव्हें., शनि.

दुपारी मागल्या दारी भांडी घासत होते. काकू आली, पाटावर बसली. इकडंतिकडं बघितलं.

"माझ्या भावजयीनं बघितलं तुला. भिताडापाशी."

मी राख घेतली, कढई घासत राहिले.

"उद्या आबांना सांगू का, ही बघून आली म्हणून? मग तुझा कागद घाल चुलीत."

"तीच आहे ना, काकू?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "शिंग दिवाळीत मोडलं. गाडीच्या चाकात अडकलं."

"आणि कान?"

"खाटकाकडनं आणला."

इतक्या सहज म्हणाली. हातातली कढई खाली ठेवली, नाहीतर काय केलं असतं माहीत नाही.

मग तीच बोलायला लागली. पंधरा वर्षांत या घरानं तिला माहेरी काय नेऊ दिलं? दर पंचमीला रिकाम्या हातानं जायचं, भावजयीनं पिशवीकडं बघायचं. या वर्षी भावाला पोरगा झाला, दुधाला काही नव्हतं. "तू तिकडं कोर्स करीत हुतीस. शेळी माझ्याच हातात हुती. दिली."

तोडगाही तिनंच आणला होता. "ती शेळी मी तुला आणून देते. माझ्या माहेरानं दिली म्हणून सांगते सगळ्यांना. तुझी शेळी तुला, माझी अब्रू मला. तू बघून आलीस ते माझ्या पोटात."

म्हणजे शेळी माझी, आणि वर गावभर नाव हिच्या माहेरच्या दिलदारीचं. आयुष्यभर नळावर ऐकायचं की काकूनं दिली बरं का.

पंचमीचं ऐकून वाईट वाटलं, हे खरं आहे म्हणून लिहिते. भांडी संपेपर्यंत टिकलं. मग गॅसची टाकी आठवली.

म्हटलं, "नळावर म्हणायचं. बायकांसमोर. मेली नव्हती."

"जीव गेला तरी न्हाय."

"मग उद्या बघू."

"तुझं नाव पण जाईल, उजे."

"जाऊ दे."

ती उठली, पाट जागेवर ठेवला आणि गेली.

३० नोव्हें., रवि.

आठला आबांच्या ओट्यावर. सगळे होते. बायकासुद्धा, दाराआड.  दोन्ही कागद आबांच्या पुढ्यात ठेवले.

म्हटलं, हा अकरावा, न बघता काढलेला. मागं तारीख आणि सही आहे. हा बारावा, बघून काढलेला. एकवीस तारखेला मी येरमाळ्याला गेले होते, भिंतीवरून दोन मिनिटं बघितली. नियम मी मोडला. हे झालं बघितलेलं. आता ऐकलेलं. काल दुपारी मागल्या दारी काकूनं मला सांगितलं, शेळी तीच, शिंग दिवाळीत मोडलं, कान खाटकाचा. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

काकूकडं बघत बोलले. तिचं तोंड मनात बघितलं होतं तसं पडलं नाही. ताठ झालं. आता माझ्यावर काढायला तिच्याकडं काही उरलं नाही, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

"खोटारडी!" काकू ओरडली. "चोरून बघती आन् वर माझं नाव घेती!"

आबा म्हणाले, "बघायचं न्हाय म्हणलं हुतं."

"हो."

"मग आता मी कशाच्या जोरावर जाऊ तिथं?"

 दाराआडून कुणीतरी म्हणालं, बाई, शिंग मोडल्यालं हाय का न्हाय एवढं तर बघा. आबांनी तिकडं बघितलं, मग परत कागदांकडं.

मग अण्णा उठले. चष्मा लावून दोन्ही कागद उजेडाला धरले, आधी अकरावा, मग बारावा. खूप वेळ.  भावाकडं वळले.

"बापू, जीप काढ."

मी घरी येऊन हे लिहितेय, तिथं उभं राहवेना. खिडकीतून जीप दिसते. काकू जीपच्या ड्रायव्हरकडच्या दाराला पाठ लावून उभी आहे. आबा मागं बसलेत, अण्णा पुढं, कागद मांडीवर. बापूकाका किल्ली हातात घेऊन काकूच्या समोर उभे आहेत. बाजूला हो म्हणत नाहीत, परतही फिरत नाहीत.

आई म्हणते, तू पण जा, जागा आहे.