छापून आलेलं पाणी

घाटकोपर, शुक्रवार संध्याकाळ, मे १९८२

वैताग आलाय नुसता. आमचं साप्ताहिक गुरुवारी छपाईला जातं, म्हणून संपादक सावंतांनी आजच्या नळाच्या उद्घाटनाची बातमी बुधवारीच लिहून घेतली. म्हणे, "कार्यक्रम कधी वेगळा होतो का रे?" मीही लिहिलं, 'टाळ्यांच्या कडकडाटात आमच्या टेकडीवर धो धो पाणी आलं.'

आज नगरसेवकांनी नारळ फोडला, नळ सोडला. आतून नुसती हवा. फुस्स! टाळ्या मात्र वाजल्या. म्हणजे अर्धी बातमी खरी? आणि अंक तिथेच वाटलेले. शेजारच्या राणेकाकूंनी सगळ्यांदेखत अंक हंड्यावर उलटा धरला. "यातलं धो धो पाणी ओत रे जरा."

सावंतांना म्हटलं, पुढच्या अंकात खुलासा छापू. तर म्हणतात, "पाणी येईलच ना कधीतरी. तेव्हा होईल बातमी खरी."

धो धो! कुठून सुचलं मला ते?

घरी आलो तर आईने बातमी कापून देवाजवळ ठेवलेली. पहिल्यांदाच माझं नाव छापून आलंय ना. "झकास लिहिलंयस," म्हणाली, आणि दोन्ही हंडे पुढे केले. "आता जा, टेकडीखालून भरून आण."