सहा लहान कबरी

निउआफोऊ बेट,
१२ ऑगस्ट १९५९

प्रिय मेलेनाइतेताई,

देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे एउआ बेटावर तुम्हीही असाल. ज्वालामुखीच्या भीतीने बेट सोडलं होतं, त्यानंतर बारा वर्षांनी परतलो. छपरावर नवे झाप चढले, रताळी लागली. ज्वालामुखीच्या तोंडातलं तळं मात्र आहे तसंच आहे गं. सकाळी कड्यावर उभं राहिलं की खाली धुकं, धुक्याखाली निळं पाणी, पाण्यात पुन्हा बेटं. आपण समुद्रात आहोत की समुद्र आपल्या डोंगराच्या पोटात, कळेनासं होतं. मलाऊ पक्षी अजून काठच्या ऊन मातीत अंडी पुरतात आणि खुशाल निघून जातात. काल माझ्यासमोर एक पिल्लू माती उकरून वर आलं, अंग झटकलं आणि उडालं. मी कितीतरी वेळ बघत बसले.

तू पुढच्या बोटीने येतेस असं कळलं. आनंद झाला. मग हे पत्र लिहायला बसले.

ताई, मागच्या पत्रात लिहिलं होतं, तुझ्या सिआलेची कबर नीट आहे, रोज फुलं वाहते. खोटं होतं ते. आपण गेल्यावर मागे राहिलेली डुकरं रानटी झाली. त्यांनी कबरस्तान उकरलं, वर रान माजलं. महिनाभर वेली कापल्या तेव्हा सहा लहान उंचवटे सापडले. त्यातला तुझ्या लेकीचा कोणता, मला सांगता येत नाही.

आलं असतं सांगता. बेट सोडून निघायच्या दिवशी तू तिच्या नावाचा दगड कोरायला बसणार होतीस. मीच हात धरून ओढलं. "मेलेल्यांना कसली घाई? बोट सुटेल!" बोट संध्याकाळपर्यंत हलली नाही. त्यावरून तू मला आजवर रागावली नाहीस.

कबरीवर पांढरी वाळू घालायची आपली रीत; इथली वाळू सगळी काळी, म्हणून खलाशांकडून पांढरी मागवली आणि सहाही कबरींवर पसरली. शेजारचे म्हातारे फाकाओसी हसले, "एका पोरीसाठी सहा घरं सजवतेस होय?"

"काका, बाकीची पाचही कुणाची तरी आहेतच की."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वाळूची टोपली घेऊन आले. त्यांचा मुलगाही तिथेच आहे, हे मी विसरलेच होते.

तू ज्या कबरीपाशी बसशील, ती सिआलेची. माझ्यापुरतं तेवढं ठरलंय. रागवायचं असेल तर पत्रातून नको. इथे ये आणि माझ्यासमोर रागव.

तुझा हात ओढणारी,
धाकटी लोसालिने