साबणाच्या वडीवरची मोटार

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. त्या मोटारी खराब नव्हत्या. मीच त्यांना हलू दिलं नाही.

फोन ज्या शेंगदाण्याएवढ्या मोटारीमुळे थरथरतो, तिचा जोर मोजायचं माझं काम. नागपूरच्या या नोकरीत अजून मला कायम केलेलं नाही. चूक नको, म्हणून मी मोटारीची पकड टेबलाला स्क्रूने घट्ट आवळली, प्रत्येक आकडा तीनदा घेतला आणि जोर कमी भरतो म्हणून एका लहान कारखान्याचा सगळा माल नापास केला. खाली सही माझी.

काल फुलचूरला घरी आले. हात धुवायला आईने नवी साबणाची वडी काढून दिली. ती हातात घेतली, आणि फुलचूरजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातला आपला मोबाइल दुरुस्तीचा ठेला समोर आला. मी नऊ वर्षांची, मोटार टेबलावर दाबून बसले आहे.

"काऊन दाबून राहिली व? फोन का टेबलाएवढा असते? तिले हलू त दे!"

असं म्हणत तुम्ही मोटार साबणाच्या कोऱ्या वडीला चिकटपट्टीने लावता, वडी स्पंजावर ठेवता, माझं बोट वर टेकवता. "फोनाएवढंच वजन आहे. आता सांग, पास का नापास?"

शाळेच्या आधी अक्षरं तुम्हीच शिकवलीत, आणि असं निवाडा करणंही. घरी आई ओरडते, "माहा साबण कुठं गेला? आता मोबाइललेही आंघोळ घालून राहिले का?" चिकटपट्टीचे वळ असलेला तो साबण मी अंगाला लावायचे तेव्हा मला लाज वाटायची. आज वाटते ती त्या लाजेची.

नापास मालातल्या दोन मोटारी साहेबांना विचारून मी सोबत आणल्या होत्या. एक वडीला लावली, खाली आईचा भांड्यांचा स्पंज ठेवला, वर बोट टेकवलं. पास, बाबा. टेबलाला आवळलेली मोटार अख्खं टेबल हलवू पाहते. आकडा कमी येणारच.

बोट म्हणजे आकडा नव्हे, हे मला कळतं. म्हणून सगळा माल स्पंजावर पुन्हा मोजायचा आणि मगच साहेबांना सांगायचं, असं ठरवलं होतं. खरं सांगू? तेवढे दिवस गप्प राहता आलं असतं, म्हणून ठरवलं होतं.

तुम्ही गेल्यापासूनच्या सगळ्या पत्रांसारखं हेही तुमच्या हत्यारांच्या डब्यात ठेवते. साहेबांना आधी सांगेन, मोजेन नंतर. परवा, सोमवारी, सकाळी दहाला.