सुमे, तुझं डोकं का दुखत होतं

प्रिय सुमे,

तुला जाऊन तेरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज कुकर लावून वही घेऊन बसलेय. कारणच तसं आहे.

तुझ्या भावाची बायको, वैशाली, बाळंत झाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण मीच केलं. आठव्या दिवशी म्हणाली, "आई, डोकं फुटतंय." रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "पाणी किती पिते?" मीच मोजून द्यायचे. दिवसाला दोन वाट्या, त्याही ओवा घालून उकळलेल्या. तपासणीत मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. "बाळंतपणात रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात तुम्ही पाणी तोडलंत," म्हणाल्या. वेळेत नेलं म्हणून वाचली. काल घरी आणली.

तुझंही हेच होतं का गं? आडवं पडलं की जास्त ठणकतं, म्हणायचीस. मी म्हटलं, वारं लागलंय, स्कार्फ घट्ट बांध. पाणी मागितलंस तर ओरडले, "पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल!" माझ्या आईनेही मला तसंच ठेवलं होतं, मला कसली शंका येणार? मग उलट्या, मग झटके. तुझे बाबा सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट टाकून आले तोवर तू बोलत नव्हतीस.

पण तू तरी काय गं! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायचीस. तेव्हाच एवढं कशाला ऐकलंस माझं?

बाईंना तुझं सगळं सांगितलं. "आता खात्रीने सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच," म्हणाल्या.

तुझी पिंकी सोबत होती, सगळं ऐकत होती. काल संध्याकाळी विचारते, "आजी, म्हणजे आई माझ्यामुळे नाही ना गेली?" एवढीशी पोर हे मनात घेऊन फिरत होती, सुमे! 'जन्मतःच आईला खाल्लं' असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचे. माझ्यावर काही येत नव्हतं ना! कालसुद्धा मी म्हटलं, "जा, दूध पिऊन घे."

आज ती शाळेतून आली की समोर बसवून सांगणार आहे. तुझ्या आईने पाणी मागितलं होतं, मी दिलं नाही. त्यावर तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी चालेल. तुला शब्द देते, आज दूध पुढे करणार नाही.

तुझी,
आई