नऊ पदरी तार

केडगाव, ८ जानेवारी २०२४

प्रिय कृपाताई,
ख्रिस्तात सलाम. फोनवर बोललं की आई ऐकते, म्हणून पत्र.

बाबांचा रेडिओ उघडलाय. कॉइलची तार तुटली आहे. केसाएवढे नऊ पदर, प्रत्येकावर वेगळं वार्निश. एका पदरानंही सोल्डर धरलं नाही तर स्टेशन नीट लागत नाही. घासायला गेलं की पदर तुटतात. शेवटी बाबांसारखं केलं. तार ॲस्पिरिनच्या गोळीवर ठेवली, वरून गरम सोल्डरिंग आयर्न दाबलं. वार्निश गेलं. धूर मात्र नाकात झोंबणारा.

त्या धुरावर आई उठून आली. बाबांना मूठमाती दिल्यापासून चार महिने ती बोललेली नाही, नुसत्या पेजेवर आहे. दारात उभी राहून, बाबांना मारायची तीच हाक मला मारून म्हणाली, "मास्तर, आधी जेवून घ्या." माझ्यासमोर बसून तिनं दीड भाकरी खाल्ली.

माया आटू देऊ नकोस.
तुझा शांतवन

देवळाली प्रवरा, १३ जानेवारी

प्रिय शांतवन,
सलाम आणि एक गालगुच्चा.

दीड भाकरी वाचून रडले. पण तू आणि मास्तर? तुला साधा प्लग बसवायला दिला तरी बाबा आधी प्रार्थना करायचे. गंमत पुरे. तिला खोट्यात ठेवू नकोस. तू कोण आहेस ते सांग, रेडिओ संपव आणि तिला घेऊन इकडे ये.

वाट बघणारी,
ताई

केडगाव, १९ जानेवारी

प्रिय ताई,
सलाम.

सांगितलं. तिनं माझा चेहरा चाचपला. विचारलं, "मग शांतवन कुठंय?" त्या दिवशी जेवली नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोळी जाळली. आली, जेवली.

काम संपू नये म्हणून आता रोज आठच पदर जोडतो, नववा तसाच ठेवतो. सकाळी सगळे कापून पुन्हा सुरुवात. तार आखूड होत चाललीय. आईनं बाबांचे शर्ट काढून दिलेत. बाबा खांद्यात रुंद होते, तरी ते मला बरोबर बसतात. काल गल्लीतून कुणीतरी शांतवन म्हणून हाक मारली. मी वळलो नाही. उशिरा लक्षात आलं.

तू ये. लवकर ये.
शांतवन

केडगाव, २९ जानेवारी

चि. कृपा हिस अनेक आशीर्वाद.

रेडिओ लागला. नऊही पदरांनी धरलं. तुझी आई दोन्ही वेळा नीट जेवते, संध्याकाळी बातम्यांना माझ्याजवळ बसते. उगीच धावत येऊ नकोस, शाळा बुडेल.

ती फक्त शांतवनची चौकशी करते. मी सांगितलंय, तो तुझ्याकडे आलाय. आला असेल तर चार दिवस ठेवून घे. त्याला खायचं भान नसतं.

तुझे बाबा