वारुळावरची मोठी आणि बारकी

आप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी माघार घेतलेली नाही. वारुळावर उगवणारी मोठी अळंबी आणि तिच्या आसपास लाह्यांसारखी पांढरी पसरणारी बारकी अळंबी, या एकाच कुळातल्या दोन वेगळ्या जाती आहेत. "बारकी म्हंजे मोठीनं पिल्लू शे," असं तुम्ही म्हणायचात, आणि तुम्ही धडगावचे रेंजर, म्हणून सगळे माना डोलवायचे.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचा तो पावसाळा. सागाच्या लागवडीसाठी क्वार्टरमागच्या उतारावरचं जुनं जंगल तुटलं होतं, आता वारुळं खणायची होती. मी नुकती सातवीची फायनल पास झालेली. आई चुलीपुढे भाकरी थापत असताना मी दोन्ही अळंब्या तुमच्या ताटाशेजारी ठेवल्या. मोठीचं लांबलचक मूळ मी वारुळाच्या पोटातून सबंध खणून काढलं होतं. बारकीला तसं मूळच नाही. वाळवीनं वर आणून टाकलेल्या भुशावर ती उगवते. "पिल्लू ऱ्हातं तर मूळ नसतं का? वारुळं गयी तर दोन्ही जातीन," मी म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुले काय समजस? अळंबीनी भाजी कर."

सकाळी मजूर कुदळी घेऊन येतात तेव्हा मी सर्वांत थोरल्या वारुळावर बसलेली आहे. तुम्ही ओरडता, "ऊठ तठून!" मी म्हणते, "नही उठनार." सगळ्यांदेखत माझा दंड धरून तुम्ही मला खाली ओढता. दिवस मावळेपर्यंत उतार सपाट झाला. पुढच्या पावसाळ्यात मोठी उगवलीच नाही. बारकी काही वर्षं तुरळक दिसली, मग तीही गेली.

तुम्ही म्हसावदचं स्थळ आणलंत, मी नाही म्हटलं. मामाकडे राहून वनस्पतिशास्त्र शिकले, दोन्हींचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी पाहिले. वेगळ्याच आहेत! सुट्टीत येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही उठून अंगणात गेलात. पण त्यानंतर नव्या लागवडीत एक वारूळ निघालं, तेव्हा तुम्ही मजुरांना "ऱ्हाऊ द्या ते" म्हणालात, हे आईनं मला तुमच्या माघारी सांगितलं.

एका वारुळावर मी समेट करणार नाही, आप्पा. अख्खा उतार होता तो.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते: भांडायला तुमच्याइतकं हट्टी माणूस मला पुन्हा भेटलं नाही.